‘मॅडम, डिस्कच दिसत नाहीये’: शेकडो मशिनांचे ड्रायव्हर सांभाळताना

चाकण-भोसरी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. प्लांट बंद, नेटवर्क मोकळं, ‘माझं मेल चालत नाही’ म्हणून डोक्यावर येऊन उभं राहणारं कोणी नाही. म्हणून नवी मशिनं लावायचं काम आम्ही गुरुवारीच काढतो. अशाच एका गुरुवारी चाळीस नव्या लॅपटॉपची खोकी फोडली, टेबलांवर रांग लावली, नेटवर्कवरून बूट केलं आणि मी चहा घ्यायला वळले. तेवढ्यात हाताखालचा पोरगा आला. “मॅडम, डिस्कच दिसत नाहीये.” एखाद्याची डिस्क गेली असेल म्हणून शेजारचं बघितलं. तिथेही नाही. चाळीसच्या चाळीस लॅपटॉपना डिस्क नाही!

डिस्क ठणठणीत होत्या, ड्रायव्हर नव्हता, म्हणजे त्या भागाशी कसं बोलायचं ते विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू असतो आणि डिस्क त्याच्या आड असते. त्याचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये (सेटअपसाठी मशीन ज्यावर चढतं त्या छोट्या विंडोजमध्ये) नसला, की विंडोजच्या सेटअपला समोरची डिस्क दिसतच नाही.

ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी चौदा वर्षं हे काम करते आहे. तीन प्लांट, साधारण चौदाशे मशिनं, अकरा मॉडेलं. शिवाय प्लांटच्या कोपऱ्याकोपऱ्यात असेंबल केलेले डेस्कटॉप आहेत, ते या हिशेबात धरलेले नाहीत. मी आले तेव्हा सर्व्हरवर ‘ड्रायव्हर्स’ नावाचा एकच फोल्डर होता. जो येईल त्याने त्यात भर घातलेली. ‘न्यू’, ‘न्यू टू’, ‘फायनल’, ‘फायनल वर्किंग’, आणि एक ‘डोन्ट डिलीट’. तो आवरायला मला दोन पावसाळे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या आधीच्या वर्षभरात सगळी मशिनं विंडोज ११ वर नेताना या आवराआवरीचा खरा उपयोग झाला. तीच पद्धत इथे सांगते.

ईएक्सई हे खोकं, ड्रायव्हर आत

सेटअपची ईएक्सई म्हणजे ड्रायव्हर, हा समज आधी सोडा. ईएक्सई सोडवली की आत तीन प्रकारच्या फायली सापडतात. सिस फाईलमध्ये खरा कोड असतो. कॅट फाईल म्हणजे सहीशिक्का. आणि आयएनएफ ही पॅकेजची जन्मपत्रिका, जी साध्या नोटपॅडमध्ये उघडते. हा ड्रायव्हर कोणत्या हार्डवेअरसाठी आहे, कोणती फाईल कुठे जाणार, रजिस्ट्रीत काय लिहिलं जाणार, सगळं तिच्यात.

एकदा तरी उघडून बघा. ‘पीसीआय\व्हेन_८०८६&डेव्ह_९ए०बी’ अशी ओळ दिसेल. व्हेन म्हणजे बनवणारा, डेव्ह म्हणजे त्याची वस्तू. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. (इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या प्रोसेसरचा नंबरही ८०८६ च होता. कोणीतरी गंमत केलेली दिसते.) वर लिहिलेला ९ए०बी म्हणजे अकराव्या पिढीतला तो व्हीएमडी कंट्रोलर. हे दोन आकडे वाचता आले, की कोणत्याही अनोळखी डिव्हाइसचा माग काढता येतो.

आयएनएफमध्ये हात घालू नका. आमच्याकडे एकाने आपल्या डिव्हाइसचा आयडी नोटपॅडने त्यात घुसवला होता. अक्षर बदललं की कॅटमधली सही जुळत नाही आणि ६४ बिट विंडोज ते पॅकेज दारातच अडवतं. त्याने मग सहीची तपासणीच बंद करून ठेवली, तीही पगाराच्या मशीनवर. तो किस्सा इथे नको.

विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये एकाच डिव्हाइसला चालतील असे चार ड्रायव्हर पडलेले असले तर ते आधी सही बघतं, मग हार्डवेअर आयडी किती नेमका जुळतो ते बघतं. तिथेही बरोबरी झाली तर आधी तारीख आणि मग व्हर्जन. म्हणून ‘सगळे ड्रायव्हर टाकून ठेवू, विंडोज बघून घेईल’ हा विचार अंगाशी येतो. विंडोज खरंच बघून घेतं, पण त्याच्या हिशेबाने. दुसऱ्याच मॉडेलसाठी आलेला, नव्या तारखेचा साउंडचा ड्रायव्हर ते बिनदिक्कत उचलतं आणि मग अकाउंट्समधून फोन येतो की मीटिंगमध्ये माइक चालत नाही.

बूट इमेजमध्ये फक्त दोन गोष्टी

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. विनपीई, म्हणजे नेटवर्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून चढणारं ते छोटं विंडोज, त्याला दोनच गोष्टी लागतात: नेटवर्क आणि डिस्क. ग्राफिक्स, साउंड, ब्लूटूथ यांचं तिथे काही काम नाही. तिथे जितकं भराल तितकी इमेज फुगणार आणि प्रत्येक मशीनच्या बूटला वेळ लागणार. आमच्या बूट इमेजमध्ये आज सात ड्रायव्हर आहेत. एकेकाळी दोनशेच्या वर होते.

सातही गरज पडली तेव्हाच घातलेत. नवं मॉडेल आलं की जुन्याच बूट इमेजने चढवून बघायचं. एफ-८ दाबलं की काळी खिडकी उघडते (त्यासाठी बूट इमेजच्या प्रॉपर्टीत कमांड सपोर्ट आधी चालू करून ठेवा आणि बाहेरच्या मशिनांवर जाणाऱ्या इमेजमध्ये तो बंद ठेवा). तिथे ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. पत्ता मिळाला तर नेटवर्क ठीक. मग ‘डिस्कपार्ट’ आणि ‘लिस्ट डिस्क’. डिस्क दिसली तर बूट इमेजला हातही लावू नका. नाही दिसली तर पेनड्राइव्हवरची आयएनएफ ‘ड्रव्हलोड’ कमांडने तिथल्या तिथे चढवा आणि पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ करा. आता दिसली, की नेमका कोणता ड्रायव्हर हवा ते कळलं. तेवढा एकच इमेजमध्ये घाला आणि इमेज पुन्हा सगळ्या डीपींवर, म्हणजे इमेज वाटणाऱ्या सर्व्हरांवर, ढकला. ढकलायचं विसरलात तर कन्सोलमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि मशीन मात्र जुनीच इमेज उचलतं. एक अख्खा गुरुवार मी यात घालवला आहे.

नेटवर्क नसल्याची खूण सोपी आहे. नेटवर्क तयार होतंय अशी पाटी येते आणि मशीन पासवर्ड न विचारताच पुन्हा सुरू होतं. लॉग बघितला तर ०एक्स८००७२ईई७, म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही.

चाळीस लॅपटॉपांच्या त्या दिवशी “बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करून टाकू की,” असं पोरगा म्हणाला होता. बंद केलं की डिस्क दिसते, हे खरं. पण विंडोज तसं बसवलं आणि वर्षभराने वॉरंटीत मदरबोर्ड बदलला, तर नवा बोर्ड कारखान्याच्या सेटिंगवर येतो, म्हणजे व्हीएमडी चालू. बूट करताच निळा पडदा. मग सेल्सचा माणूस नाशिकच्या हॉटेलात आणि तुम्ही फोनवरून त्याला बायोस उघडायला लावताय. ड्रायव्हर घाला, सेटिंगला हात लावू नका.

पातळ लॅपटॉपना लॅनचं भोकच नसतं, तेव्हा यूएसबीचा डोंगल लावावा लागतो. एकाच डोंगलने वीस मशिनं चढवली की एससीसीएमला (मशिनांवर विंडोज चढवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाला) वीसही मशिनं एकच वाटतात, कारण मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डचा नंबर, डोंगलचा असतो. ‘हे मशीन माझ्या ओळखीचं आहे’ म्हणून ते नव्या मशीनला टास्क सिक्वेन्सच (विंडोज बसवायच्या पायऱ्यांची यादी) देत नाही. हायरार्की सेटिंगमध्ये डुप्लिकेट हार्डवेअर आयडेंटिफायरची यादी आहे. तिथे डोंगलांचे मॅक पत्ते टाकून ठेवा. आमच्या चार डोंगलांवर नेलपेंटने नंबर घातलेत आणि ते सुतळीने टेबलाला बांधलेत, नाहीतर सोमवारपर्यंत एखादा कोणाच्या तरी बॅगेत गेलेला असतो.

मशीनचं नाव मशीनलाच विचारा

विंडोजच्या आत जाणारे ड्रायव्हर मॉडेलप्रमाणे वेगळे ठेवायचे. आमची सगळी व्यवस्था या एका नियमावर उभी आहे. प्रश्न येतो तो मॉडेलचं नाव ठरवण्याचा. खोक्यावर जे छापलंय ते, की झाकणावर आहे ते? दोन्ही नाही. पॉवरशेलमध्ये ‘गेट-सिमइन्स्टन्स विन३२_कॉम्प्युटरसिस्टम’ चालवा आणि मशीन स्वतःचं नाव काय सांगतं ते कॉपी करून घ्या. हाताने टाइप करू नका. एका कंपनीच्या डेस्कटॉपच्या नावात शेवटी एक मोकळी जागा होती. डोळ्यांना दिसायची नाही, पण फोल्डरच्या नावाशी काही केल्या जुळेना.

प्रत्येक कंपनीची तऱ्हाही वेगळी. डेलचं ‘मॉडेल’ वाचलं की झालं. लेनोवो त्याच जागी दहा अक्षरांचा नंबर देते. त्यातली पहिली चार अक्षरं म्हणजे मशीनचा प्रकार, तेवढीच धरायची. आपल्याला कळेल असं नाव हवं असेल तर ते ‘विन३२_कॉम्प्युटरसिस्टमप्रॉडक्ट’मध्ये ‘व्हर्जन’ या रकान्यात ठेवलेलं असतं. का, ते विचारू नका. एचपीची नावं लांबलचक असतात, तिथे ‘विन३२_बेसबोर्ड’मधला ‘प्रॉडक्ट’ हा चार अक्षरी कोड भरवशाचा.

टास्क सिक्वेन्समध्ये अट घालताना नावाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावायची सवय असते, म्हणजे मागेपुढे काहीही असलं तरी चालेल. एचपीच्या ८४० जी१ लॅपटॉपसाठी ‘%८४०%जी१%’ अशी अट लिहिली होती आणि ती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. मग ८४० जी१० आला. त्याच्याही नावात आधी ‘८४०’ आणि पुढे ‘जी१’ आहेच की! नव्याकोऱ्या लॅपटॉपवर नऊ पिढ्या जुने ड्रायव्हर बसले. चूक एचपीची नव्हे, त्या शेवटच्या टक्क्याची, आणि ती लिहिणारी मीच.

साठवण

डेल, एचपी, लेनोवो तिघीही, कंपन्यांमध्ये मशिनं लावणाऱ्यांसाठी मॉडेलवार ड्रायव्हर पॅक देतात. सपोर्टच्या पानावरून एकेक ड्रायव्हर गोळा करत बसू नका, पॅक घ्या. एका मॉडेलचा पॅक सोडवल्यावर एक ते तीन जीबीच्या घरात जातो. (परवानगीसाठी एकदा मी ‘नवीन ड्रायव्हर पॅक’ असा विषय घालून मेल टाकलं, तर ते फिरत फिरत ट्रान्सपोर्टकडे गेलं आणि त्यांनी कोणत्या शिफ्टला हवेत असं विचारलं.)

फोल्डर असा लावते: कंपनी, त्यात मॉडेल, त्यात विंडोजचं व्हर्जन, त्यात पॅकची तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आणि प्रत्येक तारखेच्या फोल्डरात एक टेक्स्ट फाईल: कुठून घेतलं, कोणी तपासलं, काय काढून टाकलं. ‘डोन्ट डिलीट’ नाव देऊन गेलेल्या माणसाने एवढी एक फाईल ठेवली असती तर माझा एक पावसाळा वाचला असता.

असेंबल मशिनांना पॅक कुठून आणणार? आमच्या लेबल प्रिंटिंगच्या स्टेशनांवर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले डेस्कटॉप आहेत, मदरबोर्ड तीन प्रकारचे. तिथे उलटं करायचं. ज्या मशीनवर सगळं नीट चालतंय ते धरायचं आणि ‘पीएनपीयुटिल’ या विंडोजच्या कमांडला ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ सांगून, पुढे चांदणी आणि रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर आयएनएफसकट त्या फोल्डरात उतरतात. त्यातले प्रिंटरचे तेवढे वेगळे काढा, नाहीतर प्रत्येक नव्या मशीनवर कोणाच्या तरी जुन्या प्रिंटरचं भूत बसतं.

मशीनमध्ये घालताना

एससीसीएममध्ये दोन वाटा आहेत. एक पुस्तकी: प्रत्येक ड्रायव्हर कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट करा, वर्गवारी लावा, ड्रायव्हर पॅकेज करा, टास्क सिक्वेन्समध्ये ते लावा. मी ही पाच वर्षं केली. तोच ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलच्या पॅकमध्येही असला की कॅटलॉग म्हणतो हा आहेच माझ्याकडे. त्याचा पत्ता राहतो पहिल्या मॉडेलच्या फोल्डरात. तो फोल्डर जुना म्हणून उडवला, की दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर गायब. ही गुंतवळ सोडवण्यात कोणाचंही भलं नाही.

दुसरी वाट साधी आणि आता मी तीच धरली आहे. ड्रायव्हरचा फोल्डर हे एक साधं पॅकेज, कॅटलॉगचा संबंध नाही. टास्क सिक्वेन्समध्ये विंडोजची इमेज डिस्कवर उतरल्यानंतर आणि ‘सेटअप विंडोज’च्या पायरीआधी, मॉडेलची अट लावून ते पॅकेज खाली घ्यायचं आणि डिझमने (विंडोजची इमेज हाताळणाऱ्या कमांडने) आत घालायचं. डिझमला तीन गोष्टी सांगायच्या: इमेज कोणत्या ड्राइव्हवर आहे, ‘ॲड-ड्रायव्हर’चा फोल्डर कोणता आणि शेवटी ‘रिकर्स’, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर. ही पायरी ‘सेटअप विंडोज’च्या नंतर गेली तर विनपीई मागे पडलेलं असतं, इमेज ऑफलाइन राहिलेली नसते आणि कमांड फुकट जाते. डिझम फक्त आयएनएफ ओळखतं. फोल्डरात ईएक्सई पडलेली असेल तर तिच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही, तक्रारही करत नाही.

यात एक सुधारणा वाळूजच्या प्लांटमुळे सुचली. तिथली लिंक बारीक. तीन-चार हजार बारक्या फायली एकेक करून जाताना पॅकेजला रात्र पुरायची नाही. आता फोल्डर डिझमनेच एका विम फाईलमध्ये (विंडोजच्या इमेजच्या गठ्ठ्यात) गुंडाळते, पॅकेजमध्ये ती एकच फाईल. मशीनवर पोचली की माउंट करायची, ड्रायव्हर घालायचे, काढून टाकायची. आकारही कमी होतो, पण खरा फरक फायलींच्या संख्येने पडला.

अजून कोणी एमडीटीवर (विंडोज चढवायच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनावर) असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘ड्रायव्हरग्रुप००१’ या व्हेरिएबलमध्ये मेक आणि मॉडेलचा रस्ता द्या आणि सिलेक्शन प्रोफाइल ‘नथिंग’ ठेवा, म्हणजे फक्त त्या फोल्डरातलंच आत जातं. पण त्या साधनाची शेवटची ८४५६ ही आवृत्ती २०१९ च्या जानेवारीतली, विंडोज ११ तिच्या यादीतच नाही. नवीन काही त्यावर उभारू नका.

आधी एक, मग पाच, मग बाकीचे

नव्या पॅकने पहिलं एकच मशीन लावते आणि ते माझ्या टेबलावर राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर प्रॉपर्टी उघडून कोड बघायचा. २८ असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. डिटेल्समधून हार्डवेअर आयडी घ्या आणि पॅकच्या आयएनएफ फायलींमध्ये तो शोधा. सापडला नाही तर पॅकच अपुरा आहे. सापडला आणि तरी बसला नाही, तर विंडोज फोल्डरातल्या आयएनएफ फोल्डरात ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग’ उघडा आणि तीन उद्गारचिन्हं शोधा. ज्या ओळीची सुरुवात तीन उद्गारचिन्हांनी होते तिथे घोडं अडलेलं असतं.

पिवळं चिन्ह नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. झाकण मिटून उघडायचं, डॉकवरून दोन मॉनिटर लावायचे, कॅमेरा, माइक, बोटाचा ठसा, आणि टचपॅडवर दोन बोटांनी खाली सरकवून बघायचं. हे शेवटचं मी एकदा सोडलं आणि अकाउंट्सच्या बारा जणांनी आठवडाभर माउस मागितले. मग पाच मशिनं वेगवेगळ्या खात्यांत द्यायची, एक तरी अशा माणसाला जो बारीकसारीक तक्रारी करतो. आमच्याकडे परचेसमध्ये एक काका आहेत. त्यांनी आठवडाभर फोन केला नाही, की पॅक पास.

नवा पॅक आला म्हणून लगेच बदलू नका. मी वर्षातून दोनदा बघते, आणि मध्ये सुरक्षेची काही भानगड निघाली तरच. बदलताना आधीचा पॅक मोडीत न काढता बाजूला ठेवते. बायोस आधी, ड्रायव्हर नंतर. आणि चालू मशीनवर बायोस चढवण्याआधी बिटलॉकर (डिस्कचं विंडोजमधलं कुलूप) थांबवायला विसरू नका, नाहीतर सकाळी ४८ आकडी रिकव्हरी की वाचून दाखवण्यात दिवस जाईल. विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर येऊ द्यायचे का? ग्रुप पॉलिसीने ते आम्ही बंद ठेवलेत. प्लांटमध्ये बारकोड स्कॅनर आणि वजनाची यंत्रं मशिनांना जोडलेली आहेत, तिथे मध्यरात्री काहीतरी बदललेलं परवडत नाही. नुसतं ऑफिस असतं तर कदाचित उघडे ठेवले असते.

मॉडेल भंगारात गेलं की त्याचं पॅकेज, अट आणि फोल्डर तिन्ही काढते. फक्त शेवटच्या पॅकची विम एका जुन्या बाह्य डिस्कवर ठेवून देते. कागदोपत्री भंगारात गेलेलं एक मशीन गेटवरच्या वजनकाट्यावर अजून चालू आहे. परवाच त्याची डिस्क बदलली.